श्री. काटे, मुक्काम एसडब्ल्यूआर मीटर, यांस खुले पत्र

प्रति,
श्री. काटे,
एसडब्ल्यूआर मीटर, काचेच्या आत.

विषय : 'एकास एक' ही अर्धवट साक्ष वारंवार दिल्याबाबत.

महोदय,

सर्वप्रथम अभिनंदन. मुंबईतले हॅम, म्हणजे परीक्षा देऊन, सरकारी लायसन्स काढून बिनतारी बोलणारे आम्ही हौशी लोक, तसे कुणाच्या बापाचं ऐकत नाही. डॉक्टर म्हणतो रात्री जागू नका, सोसायटीचा सेक्रेटरी म्हणतो गच्चीवर तार बांधू नका. दोघांनाही आम्ही मान डोलावून घरी पाठवतो. पण तुमचं मात्र निमूट ऐकतो. तुम्ही डावीकडे आडवे पडून राहिलात की आमचा रविवार सोन्याचा. जरा मान वर केलीत की जेवण जात नाही. अंगाने केसाएवढे, आणि शिक्षण काय, तर एक भागाकार येतो. तेवढ्या भांडवलावर कोणती तार घ्यावी, किती लांब कापावी, झाडाला बांधावी की काठीला, याचे अंतिम निकाल तुम्ही वर्षानुवर्षं देत आला आहात.

ज्यांचा तुमच्याशी परिचय नाही अशा वाचकांसाठी तुमचं काम सांगून टाकतो. रेडिओतून निघालेली ताकद केबलमधून अँटेनाकडे जाते. अँटेनाला ती पसंत पडली नाही तर त्यातली काही मागे फिरते. गेली किती आणि परतली किती, एवढं बघून तुम्ही आकडा दाखवता. एकास एक म्हणजे काहीच परतलं नाही. दोनास एक म्हणजे सुमारे ११ टक्के परतलं. तीनास एक म्हणजे २५ टक्के. इथवर तुमचा कारभार स्वच्छ आहे, नाही म्हणवत नाही. अडचण पुढची. जी परत आली नाही ती गेली कुठे, हे तुम्हाला कुणी विचारत नाही आणि तुम्हीही आपणहून सांगत नाही. लग्न जुळवणाऱ्या मध्यस्थाला 'मुलगा करतो काय' असं विचारावं आणि त्याने 'निर्व्यसनी आहे हो' असं उत्तर द्यावं, तशातली तुमची साक्ष. मुलगा निर्व्यसनी असेलही. बेकार आहे की नाही ते बोला.

आता पुरावे.

पुरावा पहिला. डमी लोड नावाची वस्तू तुमच्या चांगल्या ओळखीची आहे. ५० ओहमचा रेझिस्टर, डब्यात बसवलेला. रेडिओ तपासताना हवेत काही जाऊ नये म्हणून तो लावतात. येईल तेवढी ताकद घेतो, तापतो, आणि करी रोडच्या पुलापलीकडेही त्याचा आवाज पोचत नाही. पोचू नये म्हणूनच तो जन्माला आला आहे. त्याच्यासमोर तुम्ही कसे वागता? एकास एक. साष्टांग दंडवत. तुमच्या हिशेबाने जगातली सर्वोत्तम अँटेना ती हीच.

बाजाराने तुमचा हा स्वभाव कधीच ओळखला आहे. 'सर्व बँड, ट्यूनरची (रेडिओ आणि अँटेनाचं जुळवून देणाऱ्या पेटीची) गरज नाही' असं लिहिलेल्या ज्या डब्या मिळतात, त्यांतल्या काहींत तारेच्या वाटेवर एक रेझिस्टर बसवलेला असतो. ती अँटेना चालत नाही असं नव्हे. जिथे घडोघडी फ्रिक्वेन्सी बदलायची असते तिथे अशा अँटेना समजून-उमजून वापरतात, थोडी ताकद उष्णतेत गेली तरी चालतं, कारण मागे शंभर-दोनशे वॉट असतात. पण पाठीवर बॅटरी घेऊन ५ वॉटवर बोलायला निघालेल्या माणसाला ती विकायची, आणि साक्षीला तुम्हाला उभं करायचं, याला आमच्या लालबागेत वेगळा शब्द आहे. पत्र छापायचं असल्याने तो लिहीत नाही.

पुरावा दुसरा. बारीक कोॲक्स केबल. आरजी-१७४ जातीची, हलकी, खिशात मावते, म्हणून बाहेर जाताना सगळ्यांना तिचा मोह पडतो. ७ ते १० मेगाहर्ट्झला अशी तीसेक मीटर केबल वापरली की जवळजवळ निम्मी ताकद तिच्यातच मुरते. आता गंमत पाहा. तिच्या टोकाला अँटेना लावलीच नाही, टोक नुसतं उघडं सोडलं, तर सगळी ताकद मागे फिरायला हवी आणि तुम्ही उजवीकडे जाऊन आपटायला हवं. पण जाताना निम्मी मुरते, येताना उरलेल्यातली निम्मी. तुमच्यापर्यंत पोचते पावच. तुम्ही शांतपणे तीनास एक दाखवता. म्हणजे अँटेना घरी विसरली तरी तुमच्या मते परिस्थिती चिंताजनक, पण हाताबाहेर गेलेली नाही! आणि जोडीला थोडी वाईट का होईना, अँटेना असली की तुमचा चेहरा खुलतो. केबल जितकी खादाड, तितके तुम्ही प्रसन्न. चांगली, जाड आणि आखूड केबल लावली की तुम्हाला सगळे दोष दिसायला लागतात.

पुरावा तिसरा, आणि माझ्या मते फाशीच्या लायकीचा. पाव तरंगलांबीची उभी तार. १४ मेगाहर्ट्झसाठी साधारण ५ मीटर, फायबरच्या दुमडत्या काठीला गुंडाळून उभी करायची आणि बुडाशी जमिनीवर रेडियल, म्हणजे चार दिशांना तारा पसरायच्या. अशा तारेचा स्वतःचा विरोध सुमारे ३६ ओहम. जमिनीचं नुकसान त्यात मिळवायचं. सह्याद्रीच्या कोरड्या कातळावर एकच रेडियल टाकून आळस केला आणि जमिनीने समजा १४ ओहम खाल्ले, तर बेरीज बरोबर ५०. तुम्ही? एकास एक, टाळ्या! मग एखादा कष्टाळू माणूस उन्हात घाम गाळून आणखी रेडियल पसरतो, जमिनीचं नुकसान कमी करतो, अँटेना खरोखर सुधारते, बेरीज ३६ कडे सरकते. आणि तुम्ही रुसून दीडाच्या दिशेने निघता. तो बिचारा घाबरून रेडियल गुंडाळून ठेवतो. कष्टाची शिक्षा आणि आळसाचं बक्षीस इतक्या शिस्तीत वाटणारं खातं सरकारातही सापडायचं नाही.

तुम्ही म्हणाल, घरी बसून रेडिओ करा, एवढी यातायात कशाला. करी रोडला राहून पाहा एकदा. रुळांवर लोकल, टॉवरमध्ये लिफ्टच्या मोटरी, घराघरात स्वस्त एलईडी दिवे आणि मोबाइलचे चार्जर, आणि भाद्रपदात दहा दिवस मंडपांची रोषणाई. हे सगळं ४० मीटर बँडवर, म्हणजे ७ मेगाहर्ट्झच्या आसपास, अखंड खरखर करतं. त्या खरखरीखाली कोल्हापूरचा माणूस हाका मारून थकतो. गच्चीवर तार टाकावी तर सोसायटीची सभा भरते. केबलवाल्यांची जाळी इमारतींमधून कावळ्यांना झोके द्यायला लोंबकळत असते, तिला आक्षेप नाही. माझ्या एका बारीक तारेने मात्र इमारतीची शोभा जाते. शिवाय गॅलरीसमोर मध्य रेल्वेची ओव्हरहेड वायर. पूर्वी तिच्यात १,५०० व्होल्ट डीसी होते, २०१५ पासून २५,००० व्होल्ट एसी आहेत. त्या बाजूला दोरी भिरकावणाऱ्या माणसाला अँटेना निवडायचा प्रश्नच उरणार नाही. म्हणून बाहेर पडायचं. पाठीवर रेडिओ, बॅटरी, पतंगाच्या फिरकीवर गुंडाळलेली तार, आणि मिटवल्यावर सव्वा मीटरची होणारी काठी. करी रोडला फास्ट गाडी थांबत नाही, तेव्हा स्लो पकडून दादरला बदलायची. ती काठी घेऊन साध्या डब्यात शिरणं शक्य नाही. मालडब्यात टोपल्यांच्या मध्ये उभं राहिलं की कुणीतरी विचारतंच, 'मासे धरायला चाललात काय?' काठी गळाचीच असते बहुतेक वेळा. म्हणून होकार देऊन टाकायचा.

आणि इथेच, काटेसाहेब, तुमचा सर्वांत मोठा गुन्हा घडतो. कारण बाहेर पडणाऱ्याने अँटेना निवडताना विचारायचे प्रश्न दोनच : बोलायचंय कुठे, आणि टांगायचंय कशाला? या दोन्ही प्रश्नांत तुमचं नाव कुठेही येत नाही.

सकाळी पुणे, नाशिक, सातारा, कोल्हापूर असं आपल्या मुलखात बोलायचं असेल तर ४० मीटर बँड आणि बुटका डायपोल. १४३ ला मेगाहर्ट्झने भागायचं : ७.१ ला २० मीटर तार, मधोमध केबल, दोन्हीकडे दहा-दहा मीटर. मधला बिंदू पाच-सहा मीटर उंच काठीवर, दोन्ही हात उतरते, घराच्या छपरासारखे. एवढ्या कमी उंचीवर हा डायपोल जवळजवळ सगळी ताकद डोक्यावर सरळ वर फेकतो. आयनांबर ती छत्रीसारखी खाली पसरवतं, तीन-चारशे किलोमीटरच्या टापूत, डोंगर मध्ये असो नसो. परदेशी गप्पा मारणारे याला नाकं मुरडतात. खुशाल मुरडोत. घाटाखालच्या गावातून घाटावर बोलायला याच्यासारखी दुसरी अँटेना नाही, आणि पूर-दरड अशा वेळी लागते तीही हीच. तोच डायपोल पाच मीटरवर दोन्ही बाजूंनी तोडून क्लिपने जोडता येईल असा केला की क्लिप काढताच १४ मेगाहर्ट्झचा डायपोल तयार. क्लिप काढायला काठी खाली घ्यावी लागते, हा त्याचा त्रास. दिवसात दोनदा काठी खाली घेतल्याने आजवर कुणी मेलेलं नाही.

आता ज्या माळावर हा डायपोल लावला, तिथेच तिसऱ्या पुराव्यातली उभी तार लावा. ती डोक्यावर काहीच टाकत नाही, सगळं क्षितिजाकडे. पुणे मुकं होतं आणि भलतीकडचं कुणीतरी दूरचं साद देतं. हीच तार रेवस-मांडव्याच्या किनाऱ्यावर, भरतीच्या पाण्यालगत उभी केली तर तिचं रूप पालटतं, कारण खारं पाणी ही अशा अँटेनाला मिळू शकणारी उत्तम जमीन. एकाच तारेची दोन ठिकाणी दोन नशिबं. आणि तुम्ही या तिन्ही प्रसंगी, माळावरचा डायपोल, माळावरची उभी तार, किनाऱ्यावरची उभी तार, एकच चेहरा करून बसलेले असता. दिशा तुम्हाला कळत नाही. अंतर कळत नाही. पुणे आणि पोर्तुगाल यांतला फरक कळत नाही.

माथेरानला वेगळा हिशेब. झाडी दाट, मोकळी जागा कमी, डायपोलच्या मध्याला केबलचं ओझं टांगायला सोय नाही. तिथे एका टोकाकडून ताकद पुरवलेली अर्ध्या तरंगलांबीची तार बरी : २० मीटर, एक टोक फांदीवर, दुसरं हाताशी. गवंड्याचा ओळंबा दोरीला बांधून फांदीवरून टाकायचा, त्यामागे तार ओढायची. टोकाला विरोध अडीच हजार ओहमच्या घरात, म्हणून ४९ ला १ असा छोटा ट्रान्सफॉर्मर लागतो. फेराइटच्या कड्यावर दोन आणि चौदा वेढे, साताचा वर्ग एकोणपन्नास. हीच तार ७, १४, २१ आणि २८ मेगाहर्ट्झवर चालते आणि ट्यूनर लागत नाही. हे खरं आहे, डबीवर छापलेलं असलं तरी. मात्र कडं पुरेसं मोठं हवं. नीट बांधलेला ट्रान्सफॉर्मर आलेल्यातला पाचवा हिस्सा किंवा त्याहून कमी खातो. अंगठीएवढ्या कड्यात मोठी ताकद कोंबली तर हात पोळेल इतका तापतो. तो तापताना तुम्ही कसे दिसता हे मी वाचकांना सांगायला नको. आणि केबलला हात लावल्यावर तुम्ही हललात तर समजावं, केबलही अँटेना होऊन बसली आहे. दीड-दोन मीटरची जोडतार आणि केबलवर एक चोक लावून तिला जागेवर आणावं. हलून का होईना, एवढी एक बातमी तुम्ही खरी देता. माकडं तार ओढतात तेव्हाही हलता, तेही धरा.

'कुठलीही लांबी, ९ ला १ ची डबी आणि ट्यूनर' हा चौथा पंथ. बारा-साडेबारा मीटर तार झटकन टाकता येते हे मान्य. पण तिथे तुम्ही बसता ट्यूनरच्या अलीकडे आणि ग्वाही देता पलीकडची. ट्यूनरने तुम्हाला खूश केलं म्हणजे तारेचं भलं झालं असं होत नाही. पावसात घाई असेल तर वापरावी. पहिली अँटेना म्हणून घेऊ नये, असं माझं मत आहे, आणि ते मी बदलणार नाही.

या मुंबईने हलत्या अँटेनाचा जो सर्वांत धाडसी खेळ पाहिला, त्यात तुमचं नाव मला कुठे आढळलं नाही. २७ ऑगस्ट १९४२ रोजी उषा मेहता आणि सहकाऱ्यांचा भूमिगत काँग्रेस रेडिओ ४२.३४ मीटरवर बोलू लागला. म्हणजे सुमारे ७.०८ मेगाहर्ट्झ, आज आम्हाला दिलेल्या ७.० ते ७.२ च्या पट्ट्यातच. पोलिसांच्या शोधगाड्या मागावर, म्हणून बिऱ्हाड हलवत राहायचं : आज गिरगाव, उद्या वाळकेश्वर, परवा महालक्ष्मी. त्या तरंगलांबीची अर्धी तार कापली तर आजही वीस मीटरच्या आसपासच भरते. १९३९ साली युद्ध सुरू होताच हॅम लोकांची लायसन्सं रद्द झाली होती, म्हणजे सगळा कारभार तुरुंगाच्या दारात उभं राहून. १२ नोव्हेंबर १९४२ ला छापा पडला, उषाबेनना चार वर्षांची शिक्षा झाली. घात अँटेनाने केला नाही, माणसाने केला. ज्या नरिमन प्रिंटरने ट्रान्समीटर उभारून दिला होता, त्यानेच अटक झाल्यावर पोलिसांना जागा दाखवली. त्याच्यापुढे तुम्ही किरकोळच. पण चांगलं चाललं असताना विश्वासातल्याने दगा द्यावा, ही रीत त्याची आणि तुमची एकच.

आणि डिसेंबर २००४. भारती प्रसाद आणि त्यांचा चमू हौशी रेडिओच्या मोहिमेसाठी पोर्ट ब्लेअरला गेलेला होता, आणि त्सुनामी आली. फोन बंद पडले तेव्हा अंदमानातून माणसांची खबर मुख्य भूमीवर त्या चमूने पोचवली. पलीकडे कान लावून बसलेल्यांनी 'तुमचा एसडब्ल्यूआर किती' असं विचारलं असेल, असं मला तरी वाटत नाही.

तुमच्या जागी साक्षीला कुणाला बोलवायचं, तेही सांगतो, म्हणजे फक्त शिव्या दिल्या असं व्हायला नको. भौतिकशास्त्राचं १९९३ चं नोबेल ज्यांना मिळालं त्या जो टेलर यांनी, ते स्वतः हॅम आहेत, २००८ मध्ये डब्ल्यूएसपीआर नावाची पद्धत दिली. अगदी क्षीण ताकदीवर, वॉटच्या काही अंशावर, दोन मिनिटांचा एक संदेश सोडायचा. जगभरचे संगणक ऐकतात आणि कुणाला किती स्पष्ट ऐकू आलं ते आपोआप नोंदवतात. सकाळी एक तार, मग लगेच दुसरी, पुन्हा पहिली, असं आलटून-पालटून करायचं आणि नोंदी शेजारी ठेवायच्या. तिथे खुशामत चालत नाही. माणूस 'फाइव्ह नाइन', म्हणजे 'अगदी स्पष्ट', म्हणतो ते बहुतेकदा सौजन्याने, आणि तुम्ही 'एकास एक' म्हणता ते अज्ञानाने. संगणकाला दोन्हीची बाधा नाही.

तर निकाल असा. तुम्हाला बडतर्फ करता येत नाही. तार कापताना तुम्ही लागता : पीव्हीसीचं वेष्टन असलेली तार हिशेबापेक्षा दोन-तीन टक्के आखूड लागते, म्हणून आधी लांब कापून, टोक दुमडत दुमडत तुमची मर्जी सांभाळावी लागते. तार तुटली, कनेक्टरमध्ये पाणी गेलं, तर ते पहिल्यांदा तुम्हीच ओरडून सांगता, आणि तुमच्या ओरडण्याने रेडिओचा आउटपुट ट्रान्झिस्टर वाचतो. ही वॉचमनची नोकरी तुम्हाला कायम. न्यायाधीशाची खुर्ची मात्र आजपासून काढून घेण्यात येत आहे. दोनास एकपर्यंत तुम्ही काय म्हणता याची दखल घेतली जाणार नाही.

आणि वाचकहो, तुमच्यापैकी जो कुणी पहिली बाहेरची अँटेना घ्यायला निघाला असेल, त्याने डब्या बघत बसू नये. लॅमिंग्टन रोडवर जावं, बारीक मल्टिस्ट्रँड तार पंचवीस मीटर मागावी, पाच मीटर जास्त यासाठी की गाठी आणि चुका त्यात मावतात. एक बीएनसी सॉकेट, शक्य तितकी आखूड आणि जमेल तेवढी चांगली केबल, सुताची दोरी. नायलॉनचा मांजा नको, पक्षी मरतात. दोन हात दहा-दहा मीटरचे, पाच मीटरवर क्लिपा. गडावर गेलात तर तटात खिळा ठोकू नका, पायथ्याचा माळ पुरतो. मे महिन्यात दुपारी ढग दाटले की तार काढा आणि खाली उतरा. रविवारी सकाळी ७ मेगाहर्ट्झवर हाक मारा, कोल्हापूरहून उत्तर येतं का बघा, आणि ते येईपर्यंत मीटरवर टोपी घालून ठेवा.

कळावे,
एक हॅम,
करी रोड